रविवारी केंद्र बंद राहील

आपल्या घरात भोक पडलंय, असं मी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं, तेव्हा इंदिरेनं आधी छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरची मोरी बरेच दिवस आमच्याकडे उतरायच्या विचारात होती, त्यामुळे तिचं तसं चुकलं नाही.

"छताला नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटरला."

इंदिरा माझी बायको. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ती 'मंगलयोग वधूवर सूचक केंद्र' चालवते. चालवते हा शब्द तोकडा आहे. नाशिकपासून चांदवड-लासलगावपर्यंत कुणाच्या घरात मुलगी लग्नाची आहे, कुणाचा मुलगा 'इतक्यात नाही' म्हणतो आणि का म्हणतो, हे सगळं तिच्याकडे येतं आणि तिच्याकडेच राहतं. मी ओझरच्या विमान कारखान्यात प्लॅनिंगला होतो. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आलो तेव्हा तिनं मला विचारलं, तुम्हाला नक्की काय येतं? मी म्हणालो, नियोजन. तिनं मला कॉम्प्युटर दिला.

तर तो कॉम्प्युटर. सातपूरचा यादव म्हणून एक हरहुन्नरी माणूस आहे, त्यानं तो जोडून दिला होता. पेटीत दोन डिस्क. एकीवर जे लिहू ते आपोआप दुसरीवर उतरणार. कुठली माहिती कुठे ठेवायची, कुणाला दाखवायची, कुणाला नाही, हे सांभाळायला एक परदेशी प्रोग्राम. आमची लासलगावची शाखा, म्हणजे मालनबाई, तिकडे बसून इंटरनेटवरून इथले फोटो बघायच्या. या सगळ्याचा मला अभिमान होता. पाहुणे आले की मी त्यांना पेटीचे दिवे दाखवत असे. ते इंदिरेचे पोहे मागत असत.

त्या दिवशी प्रोग्रामच्या कंपनीची ईमेल आली होती. कंपनीनं अतिशय सभ्य इंग्रजीत कळवलं होतं, की आमच्या प्रोग्राममध्ये एक दोष सापडला आहे. बाहेरच्या कुणी ठरावीक पद्धतीनं दार वाजवलं, तर प्रोग्राम पासवर्ड न विचारता त्याला आत घेतो. तरी ताबडतोब अपडेट बसवून घ्यावं. मला तर कौतुक वाटलं. आपल्या मालात खोट आहे हे दुकानदारानं स्वतः होऊन घरी कळवल्याचं माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच उदाहरण.

"म्हणजे आतलं कुणालाही दिसेल?" इंदिरेनं विचारलं.

"तत्त्वतः तसं म्हणता येईल."

"तत्त्वतः राहू द्या. दिसेल की नाही?"

"दिसेल."

तिनं कप खाली ठेवला. "सुवर्णाचंही?"

आता सुवर्णाबद्दल सांगायला हवं. मखमलाबादकडे भिमाजींची फुलशेती आहे, त्यांची ही मुलगी. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. हुशार, हसरी. तिला शाळेत असल्यापासून फिट यायची. रोजच्या गोळीनं ती कित्येक वर्षांत आलेली नाही, पण गोळी सुरू आहे. तीन ठिकाणी तिचं जमत आलं होतं, आणि तिन्ही वेळा कुणीतरी आधीच जाऊन तिकडे कान भरले. ती माणसं मुलगी पाहायलासुद्धा आली नाहीत. तिसऱ्या वेळी भिमाजी आमच्या हॉलमध्ये बसून म्हणाले होते, "वहिनी, अजून एकदा. त्याच्यापुढं मी तिला कुणापुढं बसवणार नाय. लय झालं तिचं."

इंदिरेची यात एक पद्धत आहे. लपवायचं काही नाही. पण आधी माणूस दिसू दे, मग आजार दिसू दे. मुलगा-मुलगी भेटली, बोलली, एकमेकांना बरी वाटली, की होकाराच्या आधी ती स्वतः मुलीला शेजारी घेऊन दुसऱ्या बाजूला सगळं सांगते. चांदवडच्या वत्सलाबाईंचा मुलगा ओम आणि सुवर्णा यांची पहिली भेट छान झाली होती. सांगायची भेट पुढच्या आठवड्यात ठरली होती. मधल्या काळात ही गोष्ट आमच्याच घरातून फुटली असती तर इंदिरेनं केंद्राची पाटी उतरवली असती. ती तसं म्हणाली नाही. पण पंचवीस वर्षांच्या संसारात न म्हटलेलं ऐकू यायला लागतं.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," मी म्हणालो.

यादव आला. त्यानं पहिलं काम केलं ते नेटची वायर उपटण्याचं. मग तो कंपनीचा कागद वाचून म्हणाला, "साहेब, हे अपडेट आपल्या आवृत्तीवर बसतच नाही. त्याच्या आधीचं बसवावं लागेल. ते बसवायला विंडोज नवं लागेल. नव्या विंडोजला मेमरी कमी पडेल. आणि मेमरी वाढवली तर पेटीतला हा पंखा टिकायचा नाही." मी पंख्यापासून सुरुवात करू म्हणालो. कारखान्यात आम्ही असंच करायचो. एक नट बदलायचा असला की विमान उघडायचो.

अपडेट मिळवणं हे निराळंच प्रकरण निघालं. कंपनीच्या बेंगळुरूच्या बाईंनी फोनवर अतिशय गोड आवाजात सांगितलं, की फाईल फक्त 'संगणक विभागप्रमुखांच्या' सही-शिक्क्याच्या पत्रावरच मिळेल. मी म्हणालो, मीच बोलतोय. त्या म्हणाल्या, मग शिक्का पाठवा. मी भद्रकालीत जाऊन शिक्का करून आणला. 'विभागप्रमुख, संगणक विभाग'. विभागात मी आणि एक स्टूल होतं. इंदिरेनं शिक्का उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे. आता विभागप्रमुखांनी गिरणीतून दळण आणावं." मी आणलं.

मग यादवनं आणलेल्या दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर फाईल यायला लागली. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. फाईल जवळजवळ उतरत आली की वीज जायची, आणि वीज आली की फाईल पुन्हा पहिल्यापासून. यूपीएसची बॅटरी कधीच गेली होती. यादव प्रत्येक वेळी सांगायचा, साहेब, बॅटरी बदला. मी त्यावर कुंडी ठेवली होती. शेवटी शेजारच्या गायधनींच्या इन्व्हर्टरवरून, त्यांच्या खिडकीतून आमच्या खिडकीत वायर ओढून फाईल उतरवली. त्याची किंमत म्हणून गायधनी या प्रकल्पात आले.

गायधनी नाशिकरोडच्या नोटांच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले. गुप्ततेच्या बाबतीत आमच्या कॉलनीत त्यांचा शब्द अखेरचा. "आमच्याकडे जेवणाचा डबासुद्धा उघडून दाखवावा लागायचा," हे वाक्य ते सत्यनारायणाच्या पूजेलाही म्हणतात. ते म्हणाले, "शामराव, भोक आहे हे तुम्हाला कळलं. पण ज्यांची माहिती आत आहे त्यांना कळायला नको? उद्या कुणी म्हणालं, आम्हाला अंधारात ठेवलं, तर?"

हे मला पटलं. शिवाय शिक्का होताच. मी मसुदा केला: 'केंद्राच्या संगणकीय साठवण व्यवस्थेत त्रुटी आढळली असून बाहेरील व्यक्तीस आपली माहिती दिसण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब दुरुस्तीसाठी येत्या रविवारी सकाळी दहा ते दुपारी चार केंद्र बंद राहील.' रविवार अशासाठी, की आमच्या भागात तेव्हा दिवसा वीज जात नसे. इंदिरा त्या दिवशी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला सिन्नरला गेली होती. तिला कशाला त्रास, असा विचार करून मी मसुदा पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या छपाईवाल्याकडे दिला. छापून आल्यावर कार्डं नीट तपासण्याची जबाबदारी गायधनींनी आपण होऊन घेतली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा मोजली. एकही कमी नव्हतं, एकही जास्त नव्हतं. वाचलं मात्र त्यांनी एकही नाही. छापखान्यात आयुष्यभर मोजण्याचंच काम केलेलं. लासलगाव-चांदवडकडचा गठ्ठा मालनबाईंकडे पाठवला, बाकीची पोस्टात टाकली.

शनिवारी सकाळी पहिला फोन आला. "रविवारी जेवण आहे, की नुसता चहा?"

मी नमुना म्हणून ठेवलेलं एक कार्ड काढून पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या छपाईवाल्यानं आयुष्यभर लग्नपत्रिकाच छापलेल्या. त्यात कागद वधूवर केंद्राचा. त्यानं सवयीनं वर गणपती घातला होता, दोन बाजूंना कलश, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं होतं. 'येत्या रविवारी सकाळी दहा ते दुपारी चार' ही ओळ सोनेरी अक्षरांत मधोमध आली होती. त्रुटीचं सगळं आणि 'केंद्र बंद राहील' हे खाली बारीक टायपात गेलं होतं. आणि सगळ्यात तळाला, चौकटीत जे कायमचं बसवलेलं असतं ते तसंच राहिलं होतं: 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.'

तेवढ्यात मालनबाईंचा फोन. "दादा, वायर कवा लावता? हितं बाया ताटकळल्यात. आन त्ये रविवारच्या मेळाव्याचं मी समद्यांना सांगितलंय बरं का. चांदवडहून जीप ठरवलीया."

मी कार्ड इंदिरेच्या हातात दिलं. तिनं ते पूर्ण वाचलं, बारीक टायपासकट.

"अहो," ती म्हणाली, "दाराला भोक आहे, हे तुम्ही ते बुजवायच्या आधी गावभर कळवलंत?"

"गायधनी म्हणाले—"

"आणि गायधनी जेवायलाही येतील." एवढं बोलून ती फोनजवळ बसली आणि तिनं मांडववाल्याकडून खुर्च्या मागवल्या. मी तिच्याशी भांडायच्या पूर्ण तयारीत होतो. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. जाताजाता तिनं यादवला फक्त एक बजावलं. "काम सुरू करायच्या आधी त्यातली एक डिस्क काढून माझ्या हातात दे. मी सगळं लोणचं एका बरणीत ठेवत नाही." यादवनं ती काढून दिली. तिनं ती तिच्या साड्यांच्या कपाटात, पैठणीखाली ठेवली.

रविवारी दहाला आमच्या जिन्यात चपलांना जागा उरली नाही. नटूनथटून माणसं आली होती. ज्यांनी कार्ड वाचलं नव्हतं ती मेळाव्याला आली होती. ज्यांनी वाचलं होतं, ती आणखी उत्साहानं आली होती. पवननगरचे एक गृहस्थ मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आमची माहिती इतरांना दिसते म्हणता. मग इतरांची आम्हालाही दिसत असेल ना? भोक बुजवायच्या आधी दोन मिनिटं बघू द्या की." एक बाई आपल्या मुलीचं वय कॉम्प्युटरमधून दोन वर्षांनी खाली आणायला आल्या होत्या. रागावून माहिती काढून घ्यायला आलेले फक्त एक जण, आणि त्यांच्या घरचं कुणी आमच्या यादीतच नव्हतं. विभागप्रमुख म्हणून मी खुर्चीवर उभा राहून त्रुटीचं स्वरूप समजावून सांगायला लागलो. लोकांनी मला वाट्यांचा ट्रे दिला.

यादव हॉलच्या कोपऱ्यात घामाघूम होऊन अपडेट चढवत होता. कॉम्प्युटर दुसरीकडे न्यायला जागाच नव्हती, आतल्या खोलीत बायका होत्या. आणि दाराशी चांदवडची जीप उतरली. नऊवारीतल्या, उंचपुऱ्या वत्सलाबाई, मागे ओम. त्यांच्या पाठोपाठ, कार्डाचा मान राखायचा म्हणून, भिमाजी आणि सुवर्णा. भिमाजींच्या हातात मोगऱ्याची पाटी होती. सुवर्णा सरळ स्वयंपाकघरात इंदिरेच्या मदतीला गेली.

वत्सलाबाईंनी कार्ड वाचलेलं होतं. कोणतीही गोष्ट कडेपर्यंत वाचायची त्यांना सवय होती. बाजार समितीत त्या स्वतः लिलावाला उभ्या राहतात. त्या सरळ माझ्याकडे आल्या. "भाऊ, ह्यात म्हटलंय, बाहेरच्यांना दिसंल. असं काय हाय ह्यात, जे दिसू नये?"

मी त्रुटीचं स्वरूप सांगायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी यादव मोठ्यानं म्हणाला, "चढलं, साहेब. चालू करून बघतो."

प्रोग्राम चालू झाला. नव्या आवृत्तीनं तपासणीसाठी आपण होऊन शेवटची उघडलेली माहिती समोर आणली. शेवटची उघडलेली माहिती सुवर्णाची होती, कारण सकाळीच मी ती नीट आहे ना म्हणून पाहिली होती. जुन्या मशीनवर फोटो वरून खाली हळूहळू उतरत असे. आधी केस आले. मग कपाळ.

"ही आपली सुवर्णा की," वत्सलाबाई कौतुकानं म्हणाल्या आणि त्यांनी कनवटीचा चष्मा काढला.

फोटो पूर्ण झाला. खाली ओळी यायला लागल्या. जन्मतारीख. उंची. शिक्षण. नोकरी. त्याच्याखाली 'खासगी' हा रकाना होता, आणि त्यात काय आहे हे मला पाठ होतं, कारण मीच ते टाईप केलं होतं. मी पडद्यासमोर ट्रे धरला. वत्सलाबाई माझ्यापेक्षा उंच होत्या. यादव बटणं दाबत होता, मशीन ऐकत नव्हतं. भिमाजी पाटी धरून उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते जागचे हलू शकत नव्हते.

आणि सगळं बंद पडलं. पडदा, पंखे, दिवे, सगळं. दाराजवळ इंदिरा उभी होती आणि तिचा हात मेन स्विचवर होता.

"मेलो," यादव म्हणाला. अपडेटनंतरची तपासणी अर्ध्यात असताना वीज काढली की डिस्कचं काय होतं हे त्यानं मला आदल्या दिवशी तीनदा समजावलं होतं.

"वत्सलाताई, मी बंद केलं," इंदिरा म्हणाली. वायर ढिली होती, फ्यूज गेला, काहीही सांगता आलं असतं. मी तर तोपर्यंत लोडशेडिंगला शिव्या घालायला सुरुवातही केली होती. "खाली एक गोष्ट लिहिलेली आहे. ती मी तुम्हाला पुढच्या भेटीत सांगणारच होते. पण ती तुम्ही मशीनमधून वाचलेली मला चालणार नाही. आज सांगायची की नाही, हे जिची आहे ती ठरवेल."

हॉलमध्ये सगळ्यांनी हातातल्या वाट्या खाली ठेवल्या. गायधनींनीसुद्धा.

सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारात आली. हात पुसत होती. म्हणाली, "मीच सांगते, काकू. आत या."

आत वत्सलाबाई गेल्या, ओम गेला, भिमाजी दारापर्यंत जाऊन थांबले. मीही गेलो. ट्रे आत ठेवायचा होता, असं कारण मी मनाशी तयार ठेवलं होतं. सुवर्णानं आढेवेढे घेतले नाहीत. लहानपणापासून फिट येत होती, शेवटची बारावीत असताना आली, गोळी रोज घ्यावी लागते, बहुतेक कायम. हे सगळं तिनं लॅबमधला रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "तीन ठिकाणी हे आधी कळलं. म्हणून तुम्हाला मी समोर बसून सांगायचं ठरवलं होतं."

"ही मला म्हणाली होती, काहीतरी सांगायचंय," ओम म्हणाला. "मी म्हटलं, सवडीनं सांग."

वत्सलाबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. चष्मा डोळ्यांवरून काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, झालं. भिमाजींनी खाली पाहिलं.

"गोळी कवा घ्यायची असती?"

"रात्री. जेवण झाल्यावर. वेळ चुकवून चालत नाही. जागरणही चालत नाही."

"आमच्याकडं कांदे काढायच्या दिसांत जेवायला काळवेळ नसतो," वत्सलाबाई म्हणाल्या. "गडीमाणसं जेवत्यात, मग घरचे, मग बाया." मग त्या सुवर्णाकडे वळल्या. "म्हंजी तुझं ताट सगळ्यांच्या आधी वाढायचं. एवढंच ना? वाढीन मी."

भिमाजी भिंतीला टेकून खाली बसले. इंदिरेनं त्यांना पाणी दिलं आणि मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ट्रे ठेवून बाहेर गेलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करायला मला काहीच लाज वाटत नाही. बाहेर मात्र मी कांदा चिरत होतो असं सांगितलं.

वत्सलाबाईंसारखी बाई मी पाहिली नाही. आणि इंदिरेबद्दल काय बोलावं. मी तेव्हापासून अनेकांना सांगत आलोय, की कंपनीच्या सगळ्या इंजिनिअरांनी मिळून जे भोक बुजवायला दोन आवृत्त्या, एक पंखा आणि माझा शिक्का घेतला, ते तिनं एका हातानं बुजवलं. ती म्हणते, पुरे आता. मी पुरे करत नाही.

अपडेट? पेटीतली डिस्क अर्थातच गेली. यादव रडवेला झाला होता. इंदिरेनं कपाट उघडलं, पैठणीखालची डिस्क त्याच्या हातात ठेवली आणि त्याला जेवायला बसवलं. नवी डिस्क आणली, यूपीएसला नवी बॅटरी आणली, कुंडी गच्चीवर गेली. त्या आठवड्यात यादवनं माणसं नसलेल्या हॉलमध्ये शांतपणे सगळं पुन्हा चढवलं. मग त्यानं बाहेरून दार वाजवून दाखवलं. प्रोग्रामनं पासवर्ड मागितला. मला फार समाधान वाटलं. मी मालनबाईंना फोन करून सांगितलं, की वायर लावली आहे आणि भोक बुजलं आहे. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता पुढचा मेळावा कवा?"

साखरपुड्याची तारीख ठरल्यावर सुवर्णा फुलं घेऊन आली. मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि तिची माहिती उघडली. आता फोटो झरकन आला. खाली सगळ्या ओळी जागच्या जागी होत्या, 'खासगी' रकान्यासकट.

"हे काढून टाकू?" मी विचारलं. "विभागप्रमुख म्हणून मला तो अधिकार आहे."

तिनं ती ओळ शांतपणे शेवटपर्यंत वाचली. आपल्याबद्दल इतके दिवस काय लिहून ठेवलं होतं, हे ती बहुधा पहिल्यांदाच पाहत होती.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "आता कुणी वाचलं तरी चालेल."